आईंना लघवी आवरत नाही, आणि त्या कुणाला सांगूही देत नाहीत: काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: आई ६२ वर्षांच्या, साताऱ्याजवळ गावी राहतात, मधुमेह आणि रक्तदाब आहे. दोन वर्षांपासून खोकला-शिंक आली की थोडी लघवी होते. आता बाहेरून येऊन कुलूप काढेपर्यंतही दम निघत नाही. जुन्या साडीच्या घड्या वापरतात. लग्नकार्याला जाणं सोडलंय, एसटीनं जायचं असेल तर आदल्या दिवसापासून पाणी तोडतात. डॉक्टरांचं नाव काढलं की "ह्या वयात असायचंच, गावभर करू नकोस" म्हणतात. मुलीनं डायपरचा विषय काढला तेव्हा रडल्या. मुलगी विचारते आहे, आईची लाज कशी घालवू?

लाज घालवण्यापासून सुरुवात करू नका. "यात लाजायचं काय एवढं?" असं म्हटल्यानं आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. आईंची भीती खरी आहे. वास येईल, साडीला मागे डाग दिसेल, दुसऱ्याच्या घरची सतरंजी ओली होईल, ही ती भीती. जोवर हे होण्याची शक्यता आहे तोवर त्या लाजणारच. आधी कपडे कोरडे राहतील एवढं करा. कोरडं राहता येतं हे अंगाला पटलं की माणूस बोलायला लागतं.

आणि घाई करायला कारण आहे. लपवण्यासाठी बायका जे उपाय करतात, तेच हा त्रास वाढवतात.

पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, लघवीच्या पिशवीला आतून टोचते आणि घाई आणखी वाढते. घट्ट लघवीला वासही जास्त. शिवाय मलावरोध होतो, आतडं भरलेलं राहतं, ते पिशवीवर दाबतं. मधुमेहात लघवीला जंतुसंसर्ग होण्याचा धोका आधीच जास्त, तो अजून वाढतो. दुसरा उपाय म्हणजे "कशाला उगाच, जाऊन येते" म्हणत दर अर्ध्या तासाला न लागताच जाणं. पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिलीलिटर लघवी मावते, पहिली जाणीव १५० ते २०० ला होते. ती दरवेळी १०० वर रिकामी करत राहिलात तर काही महिन्यांत तिला १०० लाच घाई करायची सवय लागते. तिसरा उपाय घड्यांचा. सुती कापड पाणी शोषतं, पण धरून ठेवत नाही. बसलं की पिळून मांडीला लागतं, ओलं घासून कातडी सोलवटते. त्या घड्या धुतल्यावर उन्हात टाकल्या तर कुणी विचारेल म्हणून न्हाणीघरात दुसऱ्या साडीखाली झाकून वाळत घातल्या जातात. दमट राहतात, वास धरतात, आणि तोच वास आईंना घराबाहेर पडू देत नाही. बाहेर पडणं बंद झालं की चालणं कमी, वजन जास्त, गुडघे आखडलेले, आणि मोरीपर्यंत पोचायला आणखी वेळ.

पहिला आठवडा फक्त कोरडं राहण्याचा

तुमच्या वर्णनावरून आईंना डायपर लागणारच नाही, बहुधा लघवीसाठीचं पॅड पुरेल. हे सॅनिटरी पॅड नव्हे. पाळीचं रक्त दाट असतं आणि हळू येतं, लघवी पातळ असते आणि एकदम येते. लघवीच्या पॅडमध्ये पाण्याचं जेल करून धरून ठेवणारे दाणे बरेच जास्त असतात, त्यामुळे वरचा थर कोरडा राहतो. औषधाच्या दुकानात हे सहज मिळालं नाही तर ऑनलाइन मागवा. किती शोषणारं घ्यायचं हे अंदाजानं ठरवू नका. छोट्या डिजिटल काट्यावर कोरडं पॅड तोला, वापरून झाल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुन्हा तोला. एक ग्रॅम फरक म्हणजे साधारण एक मिलीलिटर लघवी. दिवसाला २० ते ३० ग्रॅम निघाले तर पातळ पॅड खूप झालं. २०० च्या पुढे असेल तर मोठं पॅड किंवा चड्डीसारखा घालायचा प्रकार हवा. बऱ्याच जणींना हा आकडा बघूनच हायसं वाटतं, कारण मनात धरलं होतं त्यापेक्षा तो खूपच कमी निघतो.

चड्डीसारखा डायपर लग्न, प्रवास, दवाखान्यातली लांबलचक रांग यासाठी ठेवा. दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या असलेला प्रकार मुळात अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी असतो. चालत्याफिरत्या बाईला तो घातला की तिला आपण आजारी झालो असं वाटतं, आणि वाटणारच. माप कंबर आणि नितंब दोन्हींचं टेपनं घ्या, जे जास्त भरेल त्यावरून पाकिटावरचा आकार निवडा. मोठा आकार घेतला म्हणजे जास्त मावतं असं नाही. सैल झाला तर मांडीच्या फटीतून गळतो. घातल्यावर आतल्या कडेची उभी झालर बोटानं उभी करा, ती दुमडलेली राहिली तर हमखास डाग पडतो. एकावर एक दोन पॅड लावू नका. वरच्याला खाली प्लॅस्टिकचा थर असतो, त्यामुळे लघवी खालच्यात न जाता बाजूनं वाहते.

गावात वापरलेलं पॅड टाकायचं कुठे हा प्रश्न शहरापेक्षा मोठा, आणि अनेकदा बाई तेवढ्यासाठीच पॅड नाकारते. संडासात टाकलं तर ते फुगून नळी तुंबते. उघड्यावर जाळलं तर प्लॅस्टिकचा धूर. नियमानं ते कागदात नीट गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत वेगळं द्यायचं असतं. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक महिलांनी त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत रुजवली, म्हणजे उघडून बघायची वेळ कुणावर येत नाही. गावात घंटागाडी येत नसेल तर धुता येणाऱ्या, आत शोषक थर शिवलेल्या निकर चार-पाच घ्या. गार पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, साबणानं धुवायच्या, चांगल्या उन्हात वाळवायच्या. दिसायला त्या साध्या निकरसारख्याच असतात, दोरीवर घातल्या तरी कुणाला काही कळत नाही. कपड्यांत वास मुरला असेल तर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव मात्र नको, त्यानं कापडाचं शोषणं कमी होतं. गादीवर मेणकापड, त्यावर सुती चादर.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती हवेत राहिली आणि जंतूंनी तिच्यातल्या युरियाचा अमोनिया केला की वास येतो. म्हणून दर चार-पाच तासांनी पॅड बदललं, पाणी पुरेसं प्यायलं आणि कपड्यावर काही सांडू दिलं नाही तर शेजारी बसलेल्या माणसालाही कळत नाही. हे आईंना स्पष्ट सांगा. त्यांना सगळ्यात आधी हेच ऐकायचं असतं.

त्वचेची काळजी: साध्या पाण्यानं धुणं, पुढून मागे पुसणं, न घासता टिपून कोरडं करणं. दिवसातून एकदा सौम्य साबण. त्यावर खोबरेल तेलाचं किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचं अगदी पातळ बोट. जाड थर दिला तर तो पॅडला चिकटून त्याचं शोषणं अडवतो. टाल्कम पावडर आणि डेटॉल दोन्ही बंद. लाल चट्टा आणि त्याभोवती सुटे लाल ठिपके, सोबत खाज, असं दिसलं तर ती बुरशी असते. मधुमेहात ती वरचेवर होते आणि त्यावर बुरशीचंच औषध लागतं.

घरात कसं बोलायचं

एकटीनं बोला, स्वयंपाकघरात किंवा चालताना, समोरासमोर बसवून नव्हे. भाऊ, नातवंडं, जावई समोर नकोत. "आई, खोकल्यावर थोडी लघवी होते ना, त्याला औषध आहे, व्यायाम आहे. कपाटात खालच्या कप्प्यात पॅड ठेवलेत, वापरून बघ" एवढं बोलून विषय बदला. उत्तराची वाट बघू नका. पाकीट संपत आलं की न विचारता दुसरं ठेवा. डायपर हा शब्द घरात वापरू नका. तो बाळाचा शब्द आहे, आणि त्या तुमच्या आई आहेत.

"परत झालं का?", "जाऊन आलीस का?" असं चारचौघांत विचारणं, त्या उठून गेल्यावर लगेच उशी उचलून बघणं, त्यांच्या देखत खोलीत सुगंधी फवारा मारणं: यांतलं एकेक माणसाला वर्षभर मागे नेतं. सुनेला किंवा मुलाला सांगायचं झालं तर आधी आईंना विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर नाही.

देवपूजेचं काय, हा प्रश्न बायका विचारत नाहीत, पण गप्प राहून पूजा सोडतात. अंघोळ करून, कोरडं पॅड लावून पूजेला बसायला कसलीही अडचण नाही. घरात कुणी सोवळ्याओवळ्याचं काढलं तर घरातल्या मोठ्या माणसानं त्याला तिथल्या तिथे थांबवावं, ते आईंवर सोडू नये. मुस्लिम घरांतही हाच पेच असतो. ज्याला लघवी आवरत नाही त्याच्यासाठी शरीयतमध्ये सवलत आहे, प्रत्येक नमाजेच्या वेळी नव्याने वुजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं) करून नमाज पढता येते. शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारून घ्यावं. भजन-कीर्तनाला, हळदीकुंकवाला ओळीच्या कडेला, दाराजवळ बसावं. खाली बसून उठताना लघवी सुटत असेल तर स्टूल मागावं. गुडघे दुखतात एवढं म्हटलं तरी पुरतं.

तीन दिवसांची नोंद

पॅडची सवय झाली की हे करा. डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवस, सलग नसले तरी चालतील. जुनं प्लॅस्टिकचं मापी भांडं न्हाणीघरात ठेवायचं. प्रत्येक वेळी किती वाजता, किती मिली, घाई होती का, गळालं का, आणि काय किती प्यायलं, एवढंच वहीत लिहायचं. लिहायला जमत नसेल तर आईंनी सांगावं, तुम्ही फोनवरून लिहून घ्या.

ह्या वहीत बरंच दिसतं. दिवसात सात-आठ वेळा आणि रात्री एकदा जाणं ठीक. दरवेळी १०० च्या आत भरत असेल तर पिशवी लहान सवयीची झाली आहे. चहानंतर ठरावीक वेळानं घाई दिसली तर चहा कमी करायचा, पण पाच कपांवरून एकदम शून्यावर नको, डोकं दुखतं. आठवड्याला एक कप कमी करत दोनावर या. रात्रीची लघवी दिवसभराच्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त असेल तर बिघाड पिशवीत नसून बहुधा दुसरीकडे असतो: बऱ्याचदा पायावर दिवसभर साचलेली सूज रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे उतरते. अशा वेळी दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावं आणि डॉक्टरांना सूज दाखवावी.

पाणी, चहा, ताक सगळं धरून दिवसाला दीड ते दोन लिटर. उन्हात काम असेल तर जास्त. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलंच प्रमाण. बहुतेक पिणं संध्याकाळी सहाच्या आत, झोपायच्या आधी दोन तास घोटभर औषधापुरतंच.

गोळ्यांच्या पट्ट्या दवाखान्यात सोबत न्या

आईंना मधुमेह आणि रक्तदाब आहे, म्हणून हा भाग नीट वाचा. साखर वाढलेली असली की लघवी जास्त होते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यानं लघवी वाढते आणि खालच्या जागी बुरशीही होते. फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी गोळी कोणत्या वेळी घेतली जाते त्यावर घाईची वेळ ठरते. रक्तदाबासाठी दिलेली अॅम्लोडिपिन पायाला सूज आणू शकते. रामिप्रिल, एनालाप्रिल ह्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागू शकतो, आणि खोकल्यावर लघवी सुटणाऱ्या बाईला तो खोकलाच मुळावर येतो. रक्तदाबाचीच प्राझोसिन मूत्रमार्गाचं तोंड सैल करते. यातली एकही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. पट्ट्या दाखवून "हिच्यामुळे होत असेल का?" एवढं विचारायचं. गोळी बदलून निम्मा त्रास गेला असं होऊ शकतं.

डॉक्टरांसमोर काय बोलायचं ते घरीच ठरवून जा, नाहीतर आई "अशक्तपणा वाटतो" सांगून परत येतील. "खोकल्यावर आणि घाई लागल्यावर लघवी सुटते, दिवसात इतक्यांदा, दोन वर्षं झाली, ही वही" एवढं पुरे. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ, दोन्ही चालतील. स्त्री डॉक्टर हवी असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग आणि फिजिओथेरपी विभाग एकाच आवारात सापडतात, ही मोठी सोय. तपासणीत पोट बघणं, आतून तपासणं, खोकायला लावून बघणं, लघवीची साधी तपासणी, तीन महिन्यांची साखर, आणि सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरतं ते मोजणं, एवढं व्हायला हवं. ५० मिलीच्या आसपास उरलं तर काळजी नाही. १५० ते २०० उरत असेल तर पिशवी पूर्ण रिकामीच होत नाही, मधुमेहात नसा मंदावल्यानं असं होतं, आणि तिथे घाईची औषधं दिली तर लघवी तुंबू शकते. म्हणून हे मोजल्याशिवाय गोळी सुरू करू नये. "वयाप्रमाणे होतंच" एवढं ऐकून उठू नका. फिजिओथेरपीची चिठ्ठी मागा.

काही लक्षणांत मात्र थांबायचं नाही. लघवीतून रक्त, ताप, लघवी पूर्ण अडणं, कंबरदुखीबरोबर पायात अचानक कमजोरी किंवा बसायची जागा बधिर होणं: त्याच दिवशी रुग्णालय. गर्भपिशवी काढल्यानंतर किंवा अवघड बाळंतपणानंतर रात्रंदिवस सतत थेंब थेंब लघवी गळत असेल तर पिशवी आणि मायांगाच्या (योनीमार्गाच्या) मध्ये भोक पडलेलं असू शकतं. ते व्यायामानं बरं होत नाही, शस्त्रक्रियेनं होतं.

व्यायाम: लोक इथेच चुकतात

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी असते. बाळंतपणं, पाळी गेल्यानंतरचा काळ, वर्षानुवर्षं उचललेले हंडे आणि भारे यांनी ती सैल पडते. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ह्या स्नायूंचा व्यायाम मांडला. खोकल्यावर होणाऱ्या गळतीला आजही पहिला उपचार हाच आहे.

उताणं झोपा, गुडघे वाकवा. चारचौघांत वारा सरायला आला आणि लघवीही लागली, दोन्ही एकाच वेळी रोखायचं आहे असं समजून खालची जागा आत आणि वर ओढा. पोट मऊ, नितंब आणि मांड्या सैल, श्वास चालू. बोलता येत असेल तर श्वास चालू आहे. तीन सेकंद धरा, सहा सेकंद पूर्ण सोडा. असं आठ वेळा. मग पटकन आवळून पटकन सोडणं, आठ ते दहा वेळा. दिवसातून तीनदा: सकाळी दात घासल्यावर, दुपारी पडल्यावर, दिवेलागणीनंतर. वेळ ठरवून दिली नाही तर आठवड्यात बंद पडतं. दर आठवड्याला एक सेकंद वाढवत दहापर्यंत न्या. महिन्यानं बसून, मग उभं राहून.

हमखास होणारी चूक म्हणजे आवळण्याऐवजी खाली जोर देणं, शौचाला कुंथतात तसं. असा व्यायाम तीन महिने केला तर त्रास वाढतो. आरशात बघा किंवा दोन्ही वाटांच्या मधल्या जागेवर बोट ठेवा. ती आत सरकायला हवी, फुगून बाहेर येता कामा नये. आईंना हे स्वतः बघायला संकोच वाटला तर फिजिओथेरपिस्ट एकदा हात लावून सांगू शकतात. ते एकदा तरी जरूर करून घ्यावं. दुसरी चूक, लघवी करताना मध्येच धार थांबवून रोज व्यायाम करणं. स्नायू कुठला ते ओळखायला एखाद्या वेळी ठीक, रोज केलं तर पिशवी नीट रिकामी होत नाही. तिसरी, दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडणं. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण तपासायला तीन महिने.

पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडणारी एक गोष्ट आहे. खोकला-शिंक येण्याच्या क्षणभर आधी, जमिनीवरून उठण्याआधी, कळशी उचलण्याआधी तो स्नायू आवळायचा आणि काम होईपर्यंत धरायचा. सवय झाली की आपोआप होतं.

वजन ७० किलो असेल तर साडेतीन ते सात किलो उतरल्यानंही गळती चांगलीच कमी होते. मलावरोधावर संध्याकाळी सहाच्या आधी दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यातून.

कुलूप काढतानाची घाई

ही घाई वेगळ्या कारणानं होते. पिशवी न भरताच आकसते, आणि घर दिसलं, किल्ली हातात आली, नळाचा आवाज आला की सवयीनं आकसते. अशा वेळी धावायचं नाही. धावलं की पोटाचा दाब वाढतो, लक्ष तिकडेच जातं आणि वाटेतच होतं. जागेवर थांबा, जमलं तर ओट्यावर टेका. पाच-सहा वेळा भरभर आवळा-सोडा, पायाची बोटं आत वळवा, शंभरपासून उलटे आकडे म्हणा. अर्धा-एक मिनिटात लाट ओसरते. ओसरल्यावर सावकाश चालत जा. फाटकाबाहेर थांबून हे केलं आणि मग कुलूप काढलं तर दोन आठवड्यांत कुलूप आणि घाई ही जोडी तुटायला लागते.

सोबत वेळ वाढवत न्यायची. वहीत दिसलं की सध्या दर तासाला जावं लागतं, तर पहिला आठवडा सव्वा तास, पुढचा दीड तास. सहा आठवडे तरी लागतात. मुक्काम अडीच-तीन तासांवर.

आणि परकराची नाडी बघा. घाईत नाडगाठ बसते, ओढता ओढता लघवी होते. घरात गाऊन किंवा इलॅस्टिकचा परकर घातला तर कित्येक ओले प्रसंग टळतात. संडास मागच्या परसात असेल तर वाटेवर दिवा, भिंतीला धरायला दांडा, रात्रीपुरतं पलंगाशेजारी भांडं किंवा कमोडची खुर्ची. रात्री घाईत पडून खुब्याचं हाड मोडणं हा लघवीपेक्षा कितीतरी मोठा आजार आहे.

पुढचे उपचार

पाळी गेल्यानंतर मायांगाची त्वचा पातळ होते. इस्ट्रिऑलचं मलम आतून, सुरुवातीला रोज आणि मग आठवड्यातून दोनदा लावलं तर घाई आणि वारंवारचा संसर्ग दोन्ही कमी होतात. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी सांगावं. घाईच्या गोळ्यांत ऑक्सिब्युटिनिन स्वस्त, पण तोंड सुकवते, बद्धकोष्ठ करते, आणि वयस्कर माणसांत विसरभोळेपणा, गोंधळ आणू शकते. साठीनंतर शक्यतो टाळावी. मिराबेग्रॉन तेवढी त्रासदायक नाही, पण रक्तदाब आटोक्यात नसताना देत नाहीत. कुठल्याही गोळीला महिनाभर द्यावा लागतो. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रबरी किंवा सिलिकॉनची कडी मिळते. शस्त्रक्रियेची भीती असलेल्या बायकांना ती वर्षानुवर्षं चालते, ठरलेल्या वेळी काढून धुऊन घेत राहावी लागते एवढंच.

वडिलांना किंवा सासऱ्यांना असा त्रास असेल तर मार्ग थोडा वेगळा. प्रोस्टेट वाढल्यानं पिशवी तुंबून वरून सांडत असेल तर आधी अडथळा काढावा लागतो. लघवी झाल्यावर लेंग्यावर उतरणारे थेंब मात्र साधी गोष्ट आहे: अंडकोशाच्या मागून पुढे बोटांनी हलकं दाबत नळीत उरलेलं बाहेर काढलं की थांबतात. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरच्या गळतीला वर सांगितलेलाच व्यायाम.

शौच आवरत नसेल तर ते लघवीपेक्षाही जास्त लपवलं जातं. डॉक्टरांना वेगळं सांगा, दोन्हींचे स्नायू एकच असले तरी तपासण्या निराळ्या असतात.

एसटीचा प्रवास शेवटी ठेवा, आधी जवळचा. कडेचं आसन, निघण्याआधी एकदाच लघवी, दर तासाला दोन-चार घोट पाणी. पिशवीत दोन पॅड, एक निकर, एक परकर, घट्ट बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी. नक्षीची गडद साडी. सोबत तुम्ही असाल तर स्टँडवर उतरल्यावर आधी तुम्हीच "मला जायचंय" म्हणून निघा, म्हणजे त्यांना बोलावं लागणार नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तीन दिवसांची वही आणि पॅडचं वजन. दोन्ही शेजारी ठेवा. गळती निम्म्यावर आली असेल तर व्यायाम तसाच चालू. खोकल्यावरची गळती हटली नसेल तर मूत्रमार्गाखाली पट्टी बसवायची शस्त्रक्रिया आहे, दहापैकी साधारण आठ बायकांना तिचा गुण येतो. पण त्या पट्टीची जाळी काहींना टोचते, दुखते. याच तक्रारींमुळे इंग्लंडमध्ये २०१८ च्या जुलैत ती थांबवली होती. स्वतःच्याच शरीरातल्या पडद्याची पट्टी हाही पर्याय आहे. कोणती, का, आणि लघवी तुंबली तर पुढे काय, हे तीन प्रश्न सहीच्या आधी विचारा. घाईची गळती उरली असेल तर ह्या पट्टीनं ती जात नाही, तिथे दुर्बिणीतून पिशवीत बोटॉक्सची (स्नायू सैल करणाऱ्या औषधाची) सुई देतात. तिचा असर साधारण सहा ते नऊ महिने टिकतो आणि काही काळ स्वतः नळी घालून लघवी काढायची वेळ येऊ शकते, म्हणून ते तंत्र आईंना आधी शिकवून घ्यावं.